माइक कशाला लागतो

पप्पा,

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पण कुठे आवाज फार झाला की अजून तुम्हीच आठवता. अंबडला कारखान्यात पत्रा कापायच्या प्रेसवर काम करून करून तुमचे कान गेले होते. घरात तुम्ही ओरडून बोलायचात, आम्ही ओरडून उत्तर द्यायचो. शेजाऱ्यांना वाटायचं, यांच्याकडे रोज भांडण. पुढे कॉलेजात पंक संगीत कानावर पडलं. गिटारवर तीनच कॉर्ड, धावता ताल, आणि गाणारी घसा फाडून ओरडतेय. मला वाटलं, हे तर आपल्याला लहानपणापासून येतं.

आमच्या बँडच्या पहिल्या कार्यक्रमाला तुम्ही शिफ्टवरून थेट आलात, कंपनीच्या कपड्यांत, आणि स्पीकरच्या अगदी पुढ्यात बसलात. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात तुम्ही बशीत चहा ओतताय, आणि मी कौतुकाची वाट बघतेय.

"राग आलाय तुला, ते दिसलं. कुणाचा, ते काय कळलं नाही."

"तुम्हाला ऐकू येत नाही पप्पा."

"मला नाही येत. तिथे शेजारी बसलेल्या मुलीला विचारलं, तिलाही नाही कळलं."

"सगळ्यांना कळावं म्हणून मी गात नाही."

"मग माइक कशाला लागतो?"

मी चहा तसाच ठेवून उठले. बरेच दिवस तुमच्याशी धड बोलले नाही. मग एका संध्याकाळी तुम्ही कंपनीतून मिळालेले कानात घालायचे पिवळे बोळे माझ्या हातावर ठेवलेत. म्हणालात, "मी कधी घातले नाहीत. मशीनचा आवाज बदलला की हात मागे घ्यायचा असतो, तो ऐकू यायला पाहिजे. तुझं तसं नाही. तू घाल." बोटं वाचवायला कान घालवणारा माणूस. माझं पहिलं खरं गाणं तिथून आलं.

त्यानंतर खूप गायले. भाड्याच्या टेम्पोत ड्रम घालून गावोगाव हिंडलो, अनोळखी घरांत जमिनीवर झोपलो, माझी कवितांची दोन पुस्तकं आली. आता ड्रमवाला विमा विकतो. गिटारवाली क्लासमध्ये मुलांना सिनेमाची गाणी शिकवते. मी फ्लॅटच्या जाहिरातींसाठी ओळी लिहिते. कुणाशी भांडण झालं नाही, दमलो सगळे.

गेल्या महिन्यात इथेच एका छोट्या हॉलमध्ये बोलावलं होतं. आवाज बसलेला. म्हणून खुर्चीवर बसून, एका गिटारवर, तुमचं गाणं सावकाश म्हटलं. संपल्यावर मागच्या रांगेतल्या एक बाई जवळ आल्या.

"आमच्या ह्यांची बोटं गेली प्रेसवर. हे गाणं कुणाचं?"

"माझ्या वडिलांचं."

"त्यांची राहिली का?"

"राहिली," मी म्हणाले. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून सांगते. नवीन गाणी कधी, असं कुणी विचारलं की मी "काम चालू आहे" म्हणते. काही चालू नाही. आज डॉक्टरीणबाईंनी घसा तपासला आणि गाणं बंद करायला सांगितलं. आई सोबत होती, म्हणून मी चेहरा पाडून बसले. आतून मात्र बरं वाटत होतं, शाळेला अचानक सुट्टी मिळाल्यासारखं.