खिडकीखालचं तळं

४ नोव्हेंबर
सकाळभर रबरी पाइपशी कुस्ती! पाइप जमिनीवर टाकून तळ्याचा काठ आखायचा, आत येऊन हिच्या खिडकीशी उभं राहून बघायचं, पुन्हा बाहेर, पुन्हा पाइप सरकवायचा. गुडघ्यांनी संप पुकारलाय.

डॉक्टर म्हणाले होते, "त्यांच्या डोळ्यांना काहीतरी द्या. मन रमलं तर बोलतीलही." अर्धांगाचा झटका आल्यापासून हिच्या तोंडून शब्द नाही. एरवी माझ्या कुठल्याही कामावर नजर टाकली, की पहिलं वाक्य ठरलेलं — "हे एक राहिलं." भिंत रंगवा, कपाट लावा, काहीही करा. तेव्हा डोक्यात जायचं.

११ नोव्हेंबर
खड्डा झाला, प्लॅस्टिक अंथरलं, पाणी भरलं. दुपारी ऊन नेमकं पाण्यावर. मी खिडकीशी उभा राहून "बघ, बघ" करतोय — आणि ही बघतेय छताकडे! तासभर. तळं राहिलं बाजूला.

१५ नोव्हेंबर
लागवड. कर्दळ मागे कुंपणाशी, पुढे लव्हाळा, काठाच्या दगडांत नेचे. उंच मागे, बुटकं पुढे — वर्गातल्या फोटोसारखं. नखांत चिखल गेलाय, निघत नाही.

लेकीचा फोन. "बाबा, जेवलात ना?" हो म्हटलं. ओट्याशी उभ्या-उभ्या चार घास खाल्ले, त्याला जेवण म्हणायचं तर जेवलो.

१७ नोव्हेंबर
आजही छतच.

२० नोव्हेंबर
नर्सरीवाला येऊन गेला. "पाणी असं उघडं ठेवू नका, साहेब. शेवाळ धरेल. अर्ध्याहून जास्त झाकलं पाहिजे." चांगली वाढलेली कमळं आणली होती त्याने. सगळी लावून घेतली. कमळं तरी बघेल.

२७ नोव्हेंबर
पानं पसरली, पाणी दिसेनासं झालं. दोन कळ्याही आल्यात. पण हिने डोळेच मिटून घेतलेत. हिची देखभाल करायला येणाऱ्या सिस्टर म्हणाल्या, "काका, आठवडा झाला, दुपारी डोळे उघडतच नाहीत. आधी किती छान जाग्या असायच्या!" छान कसल्या? छत बघत होती. आता तेही नको झालंय. मला भीती वाटते.

२८ नोव्हेंबर
घरात माझाच आवाज ऐकून कंटाळलो. एकटं वाटतं. लिहून टाकलं.

३० नोव्हेंबर
दुपारी सिस्टर औषधं आणायला गेल्या. पाठ भरून आली होती. दिवाणखान्यातल्या कोचावर झोपून झोपून भरतेच. हिच्या शेजारी जागा होती, आडवा झालो. कितीतरी महिन्यांनी.

उशीवरून खिडकीकडे पाहिलं. तळं नाही, कर्दळ नाही. चौकट आणि आभाळाचा तुकडा! उभं राहून बाग आखणारा मी शहाणा. ही उभी राहते कुठे?

मग वर पाहिलं. छतावर उजेडाची बोटभर रेघ थरथरत होती. पाण्यावरून आलेली. कमळांच्या पानांतून उरलेली तेवढीच. हिच्याकडे वळलो. डोळे किलकिले उघडून ती त्या रेघेकडे बघत होती.

तळं हिला पहिल्या दिवसापासून दिसत होतं. मीच झाकलं. रडलो, तिच्या खांद्याशी डोकं ठेवून.

१ डिसेंबर
गुडघाभर पाण्यात उतरून कमळं उपटली, कळ्यांसकट. नर्सरीवाला मला वेड्यात काढणार. काढू दे! दुपारी चिखलाच्या पायांनी तसाच आत आलो. छतभर उजेड नाचत होता आणि हिचे डोळे त्याच्या मागे मागे. मग एका कोपऱ्यावर थांबले, तिथे उजेडात एक गोल सावली होती. ओठ हलले. मी कान जवळ नेला.

"एक... राहिलं."

धावत बाहेर जाऊन पाहिलं. लव्हाळ्याआड एक कमळ राहिलं होतं!