खिडकीखालच्या पायरीची व्यवस्था

प्रथम तक्रार नोंदवते. वकीलसाहेबांच्या टेबलावरचे पेन दोरीने बांधलेले आहे आणि दोरी इतकी आखूड, की माझी अखेरची इच्छा मला कमरेत वाकून लिहावी लागत आहे. ते असो. मी, वय वर्षे चोपन्न, अविवाहित, व्यवसाय आर्किटेक्ट, हृदयाच्या शस्त्रक्रियेपूर्वी, पूर्ण शुद्धीत व कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र करत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. जुन्या इमारतींच्या जतन समितीचे मत वेगळे आहे. ते जोडलेले नाही.

१. राहता फ्लॅट धाकट्या बहिणीला. मेहुण्यांनी त्यात खुशाल राहावे, मात्र भिंतीला ड्रिल लावू नये. त्यांनी बसवलेले शेल्फ माझ्या हयातीतच दोनदा पडले आहे.

२. बँकेतली शिल्लक भाचीला. शहाणपणाने खर्च करावी अशी अट नाही.

३. पट्ट्या, पेन्सिली, ड्रॉइंग बोर्ड जो मागेल त्याला. खोडरबर समितीच्या अध्यक्षांना. माझे नकाशे खोडण्यात त्यांचे स्वतःचे बरेच झिजले आहे.

४. आता संग्रहालय. जुन्या बाजारातल्या धान्याच्या वखारीत मुलांचे संग्रहालय करण्याचे काम माझ्याकडे आले, तेव्हा भाची सहा वर्षांची होती. साऱ्या उंच्या मी तिच्यावरून बेतल्या. वखारीच्या खिडक्या मोठ्या माणसाच्या छातीशी येतात. मुलांना रस्ता दिसावा म्हणून नकाशात खिडकीखाली एक लाकडी पायरी काढली. समिती म्हणाली, मूळ वास्तूत बदल चालणार नाही.

"अहो, पायरी नुसती ठेवायची आहे. खिळासुद्धा मारायचा नाही."

अध्यक्ष म्हणाले, "मॅडम, घाई कसली? मुलं उंच होतातच."

त्यांचे खरे ठरले. मंजुरीची वाट पाहता पाहता भाची माझ्याहून वीतभर उंच झाली. शेवटी पायरी मंजूर झाली. आता ती दालनाच्या मधोमध काचेच्या पेटीत आहे, 'हात लावू नये' या पाटीसकट. उद्घाटन पुढच्या महिन्यात आहे.

पायरी मुलांना द्यावी, असे इथे लिहायचे ठरवले होते. वकीलसाहेब म्हणाले, "ताई, जे आपल्या मालकीचं नाही ते देता येत नाही."

"मग काय देता येतं?"

"फ्लॅट."

सबब या कलमाखाली मला कोणालाही काहीही देता येत नाही. कलम तसेच राहू द्यावे.

५. भाचीस: मापे घेताना तू विचारले होतेस, "मावशी, त्या खिडकीतून काय दिसतं गं?" झालं की दाखवते, म्हणाले होते. ते राहून गेले. आता तुझ्या उंचीवरून वेगळे दिसेल. पायरी पेटीत जाण्याआधी मी तिच्यावर गुडघे टेकून, तुझ्या तेव्हाच्या उंचीने पाहिले होते. समोर शिंप्याचे दुकान आहे. त्याचे टक्कल दिसते आणि मशीनचे फिरते चाक. दुकानाच्या पत्र्यावर मांजर झोपलेले असते. रस्ता चढाचा आहे, त्यामुळे येणाऱ्या माणसांची आधी डोकी दिसतात, मग खांदे, मग हातातल्या पिशव्या.

ठिकाण: वकीलसाहेबांची खोली
दिनांक: शस्त्रक्रियेचा आदला दिवस
सही: लिहून देणार
साक्षीदार: १. वखारीसमोरचे शिंपी २. वकीलसाहेबांचे कारकून
(दोघांनी माझ्यासमोर व मी दोघांसमोर सही केली.)