एका माणसाची कंपनी

आणि बुटांची गोष्ट तुम्ही सगळ्या नागावात सांगत सुटलात, हे काही बरं केलं नाहीत मामा. बूट घालून काम करणारा भाचा आता माडावर कसला चढतोय, असं तुम्ही नाक्यावर म्हणालात ते मला इथे राजकोटला दोन दिवसांत कळलं. फोनवरच उत्तर दिलं असतं, पण तुम्ही फोन मध्येच ठेवता. कागद तुळशी शेवटपर्यंत वाचून दाखवते (तुळशी, बापाचं तोंड बघून वाक्यं गाळू नकोस).

असो. धाकूमामांना भाचा मितेशचा वाकून नमस्कार. मामीच्या गुडघ्यांना आराम असावा. होमस्टेवाल्यांचे नारळ वेळेवर उतरत असावेत आणि पाहुण्यांच्या गाडीवर यंदा एकही पडला नसावा. मी मजेत आहे, वजन चार किलो वाढलंय.

तुमचं म्हणणं, कंपनी म्हणजे परक्याचं घर, आज पगार उद्या लाथ. आठवीत शाळा सोडून मीही तेच धरून आलो होतो. पण आमच्या मालकीण केसरबेन वेगळ्या आहेत. चार माणसांवर एका शेडमध्ये सुरुवात केली, आता गोदामात एकशे साठ जण आहोत. इथे माणसांचं वेगळं खातं आहे आणि त्यात माणसाला रिसोर्स म्हणतात. मी अर्थ विचारला, तर तिथल्या मॅडम म्हणाल्या, ज्याच्यावाचून काम अडतं ते. म्हणजे आपल्या वाडीतली विहीर. मला बरं वाटलं, कारण तोवर मला कोणी पोहऱ्याच्या वर धरलं नव्हतं.

आता बुटांचं खरं काय ते ऐका. गोदामात चाळीस फुटी लोखंडी मांडण्या आहेत. एकदा वरचा खोका तिरका होऊन अडकला आणि उचलायची गाडी बंद. सगळे वर बघत उभे. मला राहवलं नाही. बूट काढून खाली नीट जोडीनं ठेवले (माडावर चपलेचा पाय लावायचा नाही, हे तुम्हीच शिकवलंत), मांडणीला हात लावून कपाळाला लावला, खालच्यांना सरा म्हणून ओरडलो आणि चढलो. खोका खांद्यावर घेऊन उतरलो तर लोकांनी टाळ्या वाजवल्या. सुरक्षेचा साहेब कुलदीप तेवढा टाळ्या न वाजवता छाती धरून खाली बसला. बिनापट्ट्याचा चढला म्हणून त्यानं मला तीन दिवस कामावरून बाजूला केलं. मी पिशवी भरून ठेवली.

केसरबेननी बोलावलं. हिशोब देतील म्हणून गेलो, तर त्यांनी चहा दिला आणि विचारलं, पडला असतास तर? मी ताठ सांगितलं, आमच्यात कोणी पडत नाही. आणि बोलता बोलता मला तुमचा डावा हात आठवला, मामा. वादळाच्या आदल्या वर्षी तुम्ही माडावरून पडलात, तेव्हापासून त्याची मूठ मिटत नाही. तरी तुम्ही म्हणता, "माड आपल्याला टाकत न्हाय." बेन म्हणाल्या, खोके रोज नवे येतात, तुझ्या आईला दुसरा तू मी कुठून देऊ?

मग त्या तीन दिवसांत त्यांनी कुलदीपला मला पट्टा लावून चढायला शिकवायला लावलं, आणि पगार कापला नाही. आता मी बावीस जणांना शिकवतो. बूट घालून. अशा मालकांचे आभार मानावेत तेवढे थोडे, आणि हे मी नाक्यावरसुद्धा म्हणेन.

तुमचा,
मितेश

ता. क. आमच्या गोदामाच्या ड्रायव्हर दिपेशच्या ट्रकमधून एक पिवळी पिशवी येतेय. त्यात पट्टा आहे. म्हशीला बांधायचा नाही. बेनना तुमच्या हाताचं सांगितलं, त्यांनीच दिला.

ता. क. २. तुमचीही कंपनीच आहे, मामा. बारा होमस्टे, तीनशे माड, धंदा दर वर्षी वाढतोय, आणि माणूस एकच, अठ्ठावन्न वर्षांचा. मालकही तुम्हीच, तर मालकासारखं वागा. येत्या रविवारी तीन दिवसांची रजा घेऊन शिकवायला येतोय, तोवर माडाला हात लावू नका. शिकायच्या दिवसांचा पगार कापायचा नसतो. माडाला शंभर, दिवसाला वीस माड, असे तीन दिवसांचे तुळशीच्या खात्यात पाठवलेत: रुपये सहा हजार.