पावट्याच्या दाण्यांनी मोजलेली सभा

सोनमळा, ता. इंदापूर
१० नोव्हेंबर २०२४

चि. स्वरूपास म्हाळसा आजीचे अ. उ. आ.

दिवाळीला चार दिस राहून गेलीस, पोचल्याचं कळवायचं तेवढं इसरलीस. पीएच.डी.ला लई डोकं लागतं म्हनं; मग त्यात आजीचा पत्ता मावंना व्हय गं? दुकानातल्या साजियाला समोर बसवून सांगत्ये, ती लिहिते.

आता तुझं ते सर्वेक्षण. महिला ग्रामसभेला जाता का, असं साठ बायांना विचारलंस आन् बावन्न जातात असं लिवून खूश होऊन गेलीस. चौदा घरं तुझ्यासंगं मी हिंडले. अकरा घरी उत्तर बाप्यानं दिलं! प्रगती दाराआड, तिचा सासरा हिंदुराव ओट्यावर खुर्ची टाकून. आमची सून न चुकता जाते, असं त्यानं सांगितलं आन् तू प्रगतीच्या नावापुढं खूण केलीस. बायांची लोकशाही मोजायला आलीस आन् सासऱ्यांची मोजून गेलीस.

राग धरू नको. माया हाय तशीच हाय.

तुझी आजी (अंगठा)


बारामती
१८ नोव्हेंबर

ती. आजीस, शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र माझ्या मार्गदर्शक सरांना वाचून दाखवलं. ते आधी खूप हसले, मग म्हणाले की साठही फॉर्म बाद. वीस डिसेंबरला समितीपुढे खरे आकडे ठेवले नाहीत तर माझा विषयच रद्द होईल.

लोक मोकळं बोलायला धजत नाहीत, तिथं अभ्यासक एक युक्ती करतात. निम्म्या बायकांना तीन साध्या गोष्टी वाचून दाखवायच्या: बँकेत एकटी जाते, मोबाईल स्वतःचा आहे, यंदा माहेरी जाऊन आले. उरलेल्या निम्म्यांना याच तीन, आणि चौथी: मागच्या महिला ग्रामसभेला गेले होते. कोणती खरी ते सांगायचंच नाही, किती खऱ्या एवढंच. दोन्ही गटांच्या बेरजेत जो फरक, साधारण तेवढ्या सभेला गेलेल्या. पण आकडासुद्धा मोठ्यानं सांगायला लाजल्या तर? काहीतरी सुचव ना.

तुझी वेंधळी,
स्वरूपा


सोनमळा
२५ नोव्हेंबर

चि. स्वरूपास अ. उ. आ.

एवढं शिकलीस, आन् जागा चुकलीस. द्वारकाबाईच्या शेडात बाया डाळिंबं निवडायला बसत्यात, तितं बाप्या फिरकत न्हाय. तोंडानं काय बोलायला लावूच नको. मूठमूठ पावटे दे. जेवढ्या गोष्टी खऱ्या, तेवढे दाणे पदराआडून मडक्यात टाकायचे. दोन गट, दोन मडकी. कुणी किती टाकले ते तुलाबी कळायला नको.

लवकर ये. निवडणी संपली की बाया घरोघर पांगत्यात.

तुझी आजी (अंगठा)


बारामती
२१ डिसेंबर

ती. आजीस, शि. सा. न. वि. वि.

जिंकलो गं आजी! पहिल्या तीस जणींच्या मडक्यात पंचेचाळीस दाणे, दुसऱ्या तीस जणींच्या मडक्यात एक्कावन्न. म्हणजे तीस जणींत जेमतेम सहा सभेला गेलेल्या. आणि मी बावन्न लिहून मोकळी झाले होते!

ही मडक्याची पद्धत कुठल्या विद्यापीठातली, असं समितीतल्या बाईंनी विचारलं. मी म्हटलं, माझ्या आजीची. त्यांनी ते लिहून घेतलं. विषय कायम, आणि प्रबंधात तुझं नाव छापून येणार.

तुझीच,
स्वरूपा


सोनमळा
२७ जानेवारी २०२५

चि. स्वरूपास अ. उ. आ.

छापलेल्या नावाचं मी काय लोणचं घालू? तुला वाचायला हितंच यावं लागंल.

तुझा सहाचा आकडा मी शेडात सांगितला. बाया अशा चिडल्या! परवाच्या महिला सभेला एक्केचाळीस जणी आल्या, सतरंज्या पुरल्या न्हाईत. प्रगतीनं उभं राहून शाळेच्या वाटेवर दिवे मागितले आन् ठराव लिहून घेतल्याबिगर खाली बसली न्हाय. हिंदुराव सुनेला सोडायला आलेला, दारात उभा राहिला. मीबी बोलले. काय बोलले ते गाव सांगंल.

तवा तुझा आकडा खोटा पडला बघ. मे महिन्यात परत मोजायला ये, पावटे ठेवत्ये.

तिकडून सभेसाठी पाच किलो चिवडा पाठव. शेंगदाणे सढळ हातानं, तिखट कमी. बोलताना ठसका लागला की बाप्ये मधीच बोलाया लागत्यात.

आजी (अंगठा)