सव्वीस टक्क्यांचा नकार

मी, गोविंद श्रीहरी उपळेकर, वय एकाहत्तर, राहणार नवनगर, हुबळी, कुणाच्याही दबावाशिवाय, पूर्ण शुद्धीत हे लिहून ठेवतो. डोकं शाबूत आहे. थकलोय, एवढंच.

१. नवनगरचं घर आणि बँकेतली शिल्लक मुलगा श्रीवत्स याला. माझी पत्नी कैलासवासी सरस्वती हिच्या बांगड्या सूनबाई पूजाला.

२. गोकुळ रोडचा वॉल्व्हचा कारखाना मी एका लेथवर सुरू केला. १९९४ साली नव्या यंत्रांसाठी एक्कावन्न टक्के जर्मन भागीदाराला दिले, पुढे चौऱ्याहत्तर. परदेशी मालकीवरचा सरकारचा नियम सैल झाला की माझ्यापुढे नवा कागद सहीला यायचा. आता तर शंभराचीही मुभा आहे. माझ्याकडे सव्वीस उरले. कारखाना हुबळीतून हलवायला करारानुसार तीन-चतुर्थांश मतं लागतात. माझा एक टक्का जरी त्यांच्याकडे गेला, तरी एकशे चाळीस माणसं घरी बसतील. चार वर्षं दर बैठकीत मी एकटा नाही म्हणतोय. त्याचाही कंटाळा येतो हो.

३. श्रीवत्स त्या जर्मन भागीदाराच्याच बेंगळूरच्या कचेरीत आहे. "अप्पा, थोडे विका आणि सुखानं राहा," म्हणतो. पोरगा वाईट नाही, पण त्याला नकार देता येत नाही. १९९४ साली मलाही आला नाही. म्हणून या हिश्श्यातलं त्याला काही नाही. त्यानं राग धरू नये. धरला तरी घर त्याचंच.

४. सगळे सव्वीस टक्के, न तोडता, तपासणी विभागाच्या पार्वती अंगडी यांना. बावीस वर्षांत त्यांनी खराब माल पुढे सोडला नाही. एकदा मी स्वतः लेथवर काढलेला वॉल्व्ह माझ्याच टेबलावर परत ठेवून म्हणाल्या, "इदु आगूदिल्ल, सर. हे चालत नाही." मी तीन दिवस अबोला धरला. चौथ्या दिवशी मोजून पाहिला. त्यांचंच बरोबर होतं.

५. काल त्यांना हे सगळं सांगितलं. म्हणाल्या, "आगूदिल्ल, सर. श्रीवत्सअण्णांचं आहे ते." तासभर समजावलं, रागावलो, शेवटी हात जोडले. बाई जागच्या हलल्या नाहीत.

माझी खात्री पटली. कलम चार कायम.

सही: गो. श्री. उपळेकर
साक्षीदार: डॉ. प्रभंजन हुलगेरी, कुसुमावती देसाई, वकील
हुबळी, १२ नोव्हेंबर २००३