धोंडे टाकायचे राहिले

बा, तू मारलेल्या जनावराचं नाव मला परवा कळलं. वैशाखरे गाव सोडून घाटाकडे जाताना जंगल खात्याने एक पाटी लावली आहे, तिच्यावर त्याचं चित्र आहे. पाठ राखेसारखी पांढुरकी, पोट काळं, पाय आखूड, नखं अस्वलासारखी. खाली लिहिलंय, बिज्जू, दुर्मिळ आहे, मध आणि किडे खातो, मारू नये. मी तिथे उभी राहिले आणि इतक्या वर्षांनी मला तुझा पुन्हा तेवढाच राग आला. मास्तरकी करताना मी पोरांना रानातलं एकेक जनावर शिकवलं, हे एक सोडून.

मी दहाएक वर्षांची होते तेव्हाचा तो आषाढ तुला आठवत असेलच, निदान तुझ्या सोयीचा तेवढा. आईच्या कुशीतली पोर नाव ठेवायच्या आधीच गेली. तान्ह्या लेकराला आपल्यात जाळत नाहीत, पुरतात, आणि वर धोंडे रचून बोरीचे काटे ओढतात, म्हणजे रानातलं काही येऊन उकरत नाही. हे तुला कुणी शिकवायला नको होतं. आदल्या वर्षी माझा तान्हा भाऊ गेला तेव्हा दिवस मावळेपर्यंत तू ओढ्यातून धोंडे वाहिलेस, खांदा सोलून निघाला होता. पोरीच्या वेळी तू दुपारच्या आत घरी आलास. आई बाजेवरून विचारते, "धोंडं टाकलं का?" तू कुदळ भिंतीला टेकवतोस. "उद्या टाकू. आवणीला मानसं खोळंबल्यात." दुसऱ्या दिवशीही भाताची आवणीच होती.

मग गुराखी ओरडत आले, जनावराने पोरीला उकरलं म्हणून, आणि मग तुला जोर चढला. कुत्री, काठ्या, कुऱ्हाडी, अर्धा गाव घेऊन निघालास. ते जनावर म्हणे सहजी मेलं नाही, कुत्र्यांची तोंडं फाडून मेलं. तू ते उंबराला टांगलंस. त्याचं नाव कोणालाच येत नव्हतं. कोणी अस्वलाचं पिल्लू म्हणालं, कोणी भूत. मुरबाडच्या बाजाराला जाणारे वाट वाकडी करून बघायला यायचे आणि तू छाती काढून सांगायचास, "माज्या पोरीला उकरलं, सोडतो का त्याला?" पुढे पुढे त्या गोष्टीतून पोर गळून गेली, नुसतं जनावर आणि तू उरलात. लग्नाच्या पंगतीतसुद्धा तू ती सांगितलीस. लोक तुला शूर म्हणायचे आणि तू म्हणू द्यायचास. लाज कशी वाटली नाही तुला?

त्या जनावरावरून आई एकदाच बोलली. चुलीपुढे नाचणीची भाकर थापताना, तुला ऐकू जाईल अशी. "त्याला भूक व्हती, वर धोंडा नव्हता, त्यानं उकरलं. जनावराचा त्यात काय गुना?"

"आता नीट पुरलंय. गप ऱ्हा."

"कुठं पुरलंय?"

तू उठून बाहेर गेलास. त्या दिवसापासून आईने तुझं ताट वाढलं नाही. मी वाढायचे. तू मरेपर्यंत मीच वाढलं, आणि एकदाही तुझ्या तोंडाकडे बघून वाढलं नाही. तुला ते कळलं की नाही कोण जाणे, तू जेवत होतास.

परवा पाटीपासून मी सरळ घरी आले नाही, ओढ्याकाठी लेकरं पुरतात तिथे गेले. बायकांनी तिकडे जायचं नाही म्हणून मला आता कोण अडवणार? झेपतील तेवढे धोंडे पदरात घेतले. पण टाकायचे कुठे? सगळीकडे करवंदीच्या जाळ्या माजल्या आहेत. दुसऱ्यांदा तिला कुठे ठेवलंस ते तू कोणालाच सांगितलं नाहीस, आई विचारत विचारत गेली तरी नाही. खरंच पुरलंस का, हेही मला माहीत नाही. हे पत्र कुठे जाणार नाही म्हणून सांगते. पदरातलं ओझं घेऊन मी तिथे बराच वेळ उभी होते, आणि शेवटी मी तुलाच हाक मारली, बा.