तिरोड्याच्या तुकड्यातली पाखरं

२१ जून २०१२
पाखरं निघाली! कोशातून एकदम नऊ, त्यांतल्या पाच माद्या. कोसा रेशमाची पाखरं पुस्तकात पाहिलेली वेगळी आणि तळहाताएवढी पिवळी मादी आपल्याच बोटाला धरून बसलेली वेगळी. इथे पिढ्यान्पिढ्या कोसा पाळणाऱ्या घरातल्या बायजाबाईंनी दोऱ्याने एकेक मादी ऐनाच्या फांदीला बांधली. "आता जंगलातला नर येते. आपन घरी जाचं."

२२ जून
पहाटे पाचला तिरोड्याच्या जंगलाच्या तुकड्यात. पाचांपैकी चौघींजवळ नर. प्रत्येक नराचा एक पाय चिमट्याने काढून अल्कोहोलच्या नळीत टाकला. पाय गेला तरी पाखरू उडतं. बायजाबाई बघत होत्या. "पाय काऊन तोडतेस वं पोरी त्याचा?"
म्हटलं, रक्तातून त्याचं खानदान कळतं. हसल्या.

२२ जुलै
कोहमाऱ्याजवळच्या जंगलात पंधरा दिवस काढले. वीस माद्या बांधल्या, नर आले फक्त तिघींकडे. अंडी घातली, पण निम्मी फुटलीच नाहीत. हे जंगल एकीकडून रस्त्याने तुटलेलं, तीन बाजूंनी धानाच्या बांध्या. त्याआधी नवेगावकडच्या मोठ्या जंगलात वीसपैकी सतरा!
म्हणजे माझं म्हणणं बरोबर दिसतंय. जंगलाचे तुकडे पडले की पाखरं आपसातच वाढतात, आणि पिढ्यांमागून पिढ्या दुबळी होतात. तिरोड्याचा तुकडा तर कोहमाऱ्याहून लहान. तिथे चांगले नर आले, ते नशीब असावं.

१९ नोव्हेंबर
डीएनएचा निकाल नागपूरहून आला. नवेगावकडे भरपूर विविधता. कोहमाऱ्याची पाखरं जवळजवळ एकाच घरातली. अपेक्षेप्रमाणे.
तिरोड्याची पाखरं मात्र हुबेहूब नवेगावची! मध्ये सत्तर-ऐंशी किलोमीटर धान, गावं, तळी. पाखरू एवढं उडत नाही.

२१ नोव्हेंबर
माझ्या गाईड अल्का मॅडमनी निकालाचा कागद माझ्यापुढे सरकवला. "रंजिता, नळ्यांच्या चिठ्ठ्या बदलल्यास तू."
मी नाही बदलल्या. कुडव्याला घरी येईपर्यंत स्कूटीवर रडत होते. बाबा काही विचारत नाहीत, तेच बरं.

१४ जानेवारी २०१३
उरलेल्या नळ्यांतून पुन्हा तपासलं. तेच उत्तर. मॅडम म्हणाल्या, "मग हे ठिकाण प्रबंधातून वगळ. ज्याचं कारण सांगता येत नाही ते छापायचं नाही."
तीनच तर जागा आहेत माझ्या, त्यांतली ही एक. वगळली तर उरतं काय?

१७ फेब्रुवारी
उत्तर सापडलं. तेही पाखरांत नाही.
सहज बायजाबाईंकडे गेले होते, त्या घरी नव्हत्या. तासाभराने बसमधून उतरल्या. हातात कापडी पिशवी, तिच्यात कोश. जिवंत, जड. कानाशी हलवला की आतलं हलतं.
"मावशी, कुठून आणले?"
"माह्या माहेराहून. नवेगावकडून." आणि सांगत सुटल्या. लग्न होऊन आल्या तेव्हा इथले किडे मरतुकडे होते, कोश पातळ, सासरा डोक्याला हात लावून बसलेला. त्यांनी पहिल्याच वर्षी माहेरचे कोश आणून ऐनावर टांगले. तेव्हापासून दरवर्षी. बत्तीस वर्षं!
"सोयरीक का गावातल्या गावात करतेत का वं? किड्यायले बी बाहेरचं रगत लागते."
मी विचारलं, मला आधी का नाही सांगितलं?
"तू किड्यायलेच विचारून राहिली होती. मले कुठं विचारलं?"
लाज वाटली. आठ महिने त्यांच्या ओसरीवर चहा पिऊन झाला होता.

२० फेब्रुवारी
मॅडमचा चेहरा बघण्यासारखा होता. चिठ्ठ्यांबद्दल "सॉरी" म्हणाल्या. एकदाच, पण म्हणाल्या.

९ जुलै
कामात. लिहायला काही नाही. तिरोड्याचं प्रकरण अर्धं झालं.

२६ जानेवारी २०१४
बायजाबाई ओट्यावरून पडल्या. खुबा मोडला. गोंदियाला भरती आहेत. भेटायला गेले तर पायाचं बोलल्याच नाहीत. "औंदा माहेराले जानं नाही होत. मुलगा म्हनते, सोड आता ते."

३ फेब्रुवारी
मॅडमना सांगितलं. त्या खुर्चीतून उठल्याच. "अगं, याहून चांगलं काय हवं! यंदा बाहेरचे कोश नाहीत, पुढेही नाहीत. तीन वर्षं त्या तुकड्याला हात लावायचा नाही. तो कोहमाऱ्यासारखा होतो का, पिढी-पिढीने मोजायचं. असा प्रयोग मागून मिळत नाही. मोठ्या नियतकालिकात जाईल."
त्यांचं चूक नाही. बत्तीस वर्षं एक बाई थांबली नाही, आता थांबली. तुकड्याने मिळवलेलं किती वेगाने जातं हे जगात कुणी मोजलेलं नसेल. माझं नाव पहिलं असेल.
मोजायचं म्हणजे अंडी न फुटण्याची वाट बघायची.
हो म्हणून आले.

४ फेब्रुवारी
दवाखान्यात जाऊन बायजाबाईंकडून त्यांच्या भावाचा फोन नंबर घेतला.

११ फेब्रुवारी
सकाळच्या बसने नवेगावकडे. बायजाबाईंच्या भावाने ऐंशी कोश काढून ठेवले होते. दुपारी चारपर्यंत तुकड्यातल्या ऐनांवर सगळे बांधले, एकेक, माझ्या हाताने. प्रयोग संपला. मॅडमना उद्या सांगेन.